गाण्याआधीचा श्वास

प्रिय ताई,

सविनय तक्रार सादर करतो, की तुझ्या स्टीलच्या फ्लास्कचं झाकण मंगळवारपासून उघडत नाही. आत दोन कप चहा आहे, साखरेसकट, आणि तो बाहेर यायला तयार नाही. मी सर्व विहित मार्ग चोखाळले. झाकण गरम पाण्याखाली धरलं, ओल्या फडक्याने पिळलं, फ्लास्क गुडघ्यांत आवळला, दाराच्या फटीत अडकवून पाहिला, शेवटी त्याच्याशी चार शब्द गोडही बोललो. सत्तावीस वर्षं ड्रम बडवलेला माणूस एका झाकणापुढे हात टेकतो हे बँडमध्ये कळलं, तर पुन्हा कुणी माझ्या हातात काठ्या देणार नाही. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीत बसून मी रोज चाळीस जणांना लिहितो, की आपल्या तक्रारीची नोंद घेतली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. ते वाचून लोकांना काय वाटत असेल ते मला या मंगळवारी कळलं, कारण माझ्या तक्रारीची नोंद घ्यायला घरात कुणी तयार नाही. तुझी भावजय म्हणाली, दुसऱ्याची वस्तू दोन वर्षं वापरल्यावर ती रुसणारच, परत करून टाका. आणि पाठ फिरवून पेपर वाचत बसली.

फ्लास्क तुझा आहे हे मी कधीच नाकारलेलं नाही. आईने तो तुझ्यासाठी आणला तो दिवसही मला आठवतो. तू पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिलीस, त्या कॉलेजच्या हॉलमध्ये, आणि आई पहिल्या रांगेत कानात कापूस घालून बसली होती. तू घशाच्या तळातून तो पहिला आवाज काढलास तेव्हा मागच्या रांगेतले दोन प्राध्यापक उठून गेले. आई जागची हलली नाही. नको तिथे टाळ्या वाजवत राहिली. कार्यक्रम संपल्यावर तिने तुला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं होतं, एवढी कुणावर चिडलीस? तू म्हणालीस, कुणावर नाही, आई, हेवी मेटल असंच असतं. घरी जाताना रिक्षात ती म्हणाली होती, शब्द कळले नाहीत, पण मुद्दा कळला. दुसऱ्या दिवशी फ्लास्क आला. तुझ्या गाण्याला ती बोलत होती तोवर 'घशाचं काम' म्हणायची, जसं कुणाचं नळाचं काम असतं किंवा विजेचं. घशाचं काम करणाऱ्या माणसाने गरम पाणी जवळ ठेवलं पाहिजे, हे तिचं म्हणणं होतं. मी त्यात चहा भरतो. हा मूळ उद्देशाचा भंग आहे, तेही मान्य.

असो. ही झाली माझी तक्रार. आता कामाचं.

तीन आठवडे झाले, मी तुला फोन करणार आहे. मालकाला मी तीनदा सांगितलं, आज करतो. मालक म्हणजे आपला तोच, टाइल्सचा दुकानदार, ज्याच्या गोदामात आपण गिटार, बास आणि ड्रम घेऊन एवढी वर्षं मांडी ठोकून बसलो आणि ज्याच्या फरशीच्या पेट्यांना आपल्या वाजवण्याने तडे जातात असा त्याच्या बायकोचा ठाम समज आहे. त्याने काल मला शेवटचं बजावलं. अल्बम पुढच्या सोमवारी छापायला जातोय, त्याआधी तुला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती मीच विचारायची, कारण मी भाऊ आहे. फोनवर मला ते जमणार नाही, म्हणून लिहितोय. तू हो म्हण किंवा नाही म्हण, त्याप्रमाणे होईल. पण उत्तर देण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाच. तुला शिवणाच्या मशीनवर बसून अर्धवट वाचायची सवय आहे, ती या वेळी नको.

तर, अल्बम झाला. आठही गाणी झाली. आपला म्हणू की आमचा म्हणू हे मला ठरवता येत नाही, म्हणून नुसता अल्बम म्हणतो. सातव्या गाण्याला मालकाने एवढं लांब सोलो वाजवलंय, की मधे उठून दाढी करून यावं. 'उसवण' सहाव्या क्रमांकावर आहे. शब्द तुझेच आहेत, एकही बदललेला नाही. दुरुस्तीच्या दुकानात बसून दुसऱ्यांच्या शिवणी उसवणाऱ्या बाईवर कुणी मेटल गाणं लिहीत नाही, ते तू लिहिलंस, आणि आता ते एक चौतीस वर्षांचा गडी गातो. त्याला आम्ही प्लास्टर म्हणतो, कारण तो इस्पितळात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालतो. मला त्याच्याबद्दल वाईट लिहायचं होतं. तुझ्यासाठी म्हणून मी दोन-चार चांगली विशेषणं जपूनही ठेवली होती. पण तो फार सभ्य माणूस निघाला, त्याला काय करणार. गोदामात शिरताना चपला बाहेर काढतो. सगळ्या जगाच्या नावाने नरडं फाडून झालं, की मालकाला विचारतो, आवाज फार झाला का. गातो चांगला. तुझ्यासारखा नाही. तुझा आवाज जमिनीखालून यायचा, त्याचा समोरून येतो. लोकांना आवडेल.

आता जी गोष्ट विचारायची आहे ती. तुला आठवत असेल, ड्रम आधी झाले होते. तीन वर्षांपूर्वीचे ते चार दिवस, गोदामात, फरशीच्या पेट्या भिंतीला लावून, गाद्या टांगून. साउंडवाल्याने सांगितलं होतं, गाणारी व्यक्ती खोलीत नको, ड्रमच्या माइकमध्ये आवाज घुसेल. आणि मी सांगितलं होतं, ती समोर नसेल तर मी लयीच्या पुढे पळतो. खोटं नव्हतं. तू समोर नसलीस की मी प्रत्येक ओळीआधी धावत सुटतो, जिना उतरताना शेवटची पायरी चुकल्यासारखा. मला तुझा श्वास लागतो. तू ओळ सुरू करायच्या आधी पोटातून जो मोठा श्वास ओढतेस, तो संपतो तिथे माझा ठोका. लहानपणापासून तसंच. मग तूच तोड काढलीस. तू समोर उभी राहिलीस आणि आठही गाणी ओठांनी गायलीस, आवाज न काढता. तोंड उघडत होतं, मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या, आणि आवाज शून्य. मी वाजवताना हसू आवरत होतो. तू चौथ्या दिवशी म्हणालीस, मुक्याचं गाणं म्हणून म्हणून घसा जास्त दुखतोय.

पण श्वास तर तू खरेच घेत होतीस. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ड्रमच्या डोक्यावर जे दोन माइक टांगलेले होते, त्यांनी ते सगळे पकडले. वाजवणं थांबतं त्या फटींत, प्रत्येक कडव्याच्या आधी. आवाज कुठेच नाही, ताई, शोधून सापडत नाही. फक्त श्वास. प्लास्टर हेडफोन लावून गायला बसला तेव्हा ते पहिल्यांदा त्याला ऐकू आले. साउंडवाल्याला वाटलं, कचरा आहे, आणि त्याने ते कापून टाकले. कापल्यावर प्लास्टर प्रत्येक ओळीला उशिरा यायला लागला. दीड तास तेच. शेवटी हेडफोन काढून तो म्हणाला, "ताई आधी श्वास घेतात ना, त्यावर मी आत येतो. तो नसला की मला दारच सापडत नाही." तो तुला भेटलेला नाही. तरीही ताईच म्हणतो.

साउंडवाल्याने श्वास परत लावले आणि प्लास्टरने आठ गाणी दोन दिवसांत गाऊन टाकली. आता साउंडवाल्याकडे दोन प्रती आहेत, एक तुझ्या श्वासांसकट, एक साफ केलेली. साफ केलेली मी ऐकली. काही चुकलेलं नाही तिच्यात. आमच्या ऑफिसच्या उत्तरासारखी आहे. दुसरी ऐकताना, मालक, जो स्वतःच्या लग्नात रडला नाही, तो सहाव्या गाण्याआधी गिटारच्या तारा पुसायला लागला. त्या नव्या होत्या. मुद्दा असा, की तू बँडमध्ये नाहीस आणि तुझा श्वास अल्बमवर आहे. तो ठेवायचा की काढायचा हे आम्ही कोण ठरवणार. ठेवला तर आतल्या पानावर तुझं नाव घालू, 'श्वास' म्हणून. तू नको म्हणालीस तर एकही राहणार नाही, साउंडवाल्याने तसा शब्द दिलाय. एवढंच विचारायचं होतं.

एवढंच असतं तर फोनवर झालं असतं.

आई गेल्याला पाच महिने झाले. तू फोनवर नेहमीसारखी बोलतेस, दुकानात गर्दी आहे, चेन बदलायच्या सहा पँटी पडल्यात, तुझी खोकल्याची गोळी घेतलीस का. मी नेहमीसारखा विनोद करतो. ठेवल्यावर मला वाटतं, की आपण दोघंही तोंड उघडतोय आणि आवाज काढत नाही आहोत. आजारपणात आईचं तसंच झालं होतं. पक्षाघाताने उजवी बाजू गेली तेव्हा बोलणंही गेलं. तू मला एकदा सांगितलं होतंस, ती बोलायच्या आधी श्वास घेते, आपण वाट बघतो, आणि मग काहीच येत नाही. मी ऑफिसात होतो. तुला म्हणालो, खिडकीवर माणूस आहे, नंतर बोलतो. खिडकीवर कुणी नव्हतं.

आपलं काय ठरलं होतं ते मी विसरलेलो नाही. आठवडाभर आई तुझ्याकडे, आणि रविवार आळीपाळीने. एक रविवार तू बसायचं आणि मी तालमीला जायचं, दुसऱ्या रविवारी मी बसायचं आणि तू जायचं. म्हणजे बँडला एका वेळी आपल्यापैकी एकच मिळणार होता, कधी ड्रमशिवाय गाणं, कधी गाण्याशिवाय ड्रम. तूच म्हणाली होतीस, चालेल, अर्धा बँड दर रविवारी तर राहील. मी चार रविवार आलो, ताई. आठ महिन्यांत चार. त्यातल्या एका रविवारी मी फ्लास्क घेऊन आलो होतो, चहा भरून. आई डाव्या हाताने सारखी त्या फ्लास्कला हात लावत होती. मला वाटलं, तिला चहा हवाय. ओतून दिला तर तिने तोंड फिरवलं आणि पुन्हा फ्लास्कवर बोट ठेवलं, मग तू दुकानात जायचीस त्या दारावर. मला कळलं. मी म्हणालो, हो गं, देतो तिचा तिला परत. तू दुकानात अडकली होतीस, म्हणून अडीच वाजता शेजारच्या काकूंना बसवून मी तालमीला निघून गेलो, आणि फ्लास्क माझ्याबरोबर.

मग मी तुला मेसेज पाठवायला लागलो. आज बँडचं जरा काम आहे, तू बघशील ना. तू एकदाही नाही म्हणाली नाहीस. नुसता अंगठा पाठवायचीस. तो अंगठा मला आता दिसतो. पण गोदामात काय दिसत होतं ते तुला ठाऊक नाही. गोदामात दिसत होतं एवढंच, की ड्रमवाला जवळजवळ दर रविवारी तीनला हजर आहे आणि गाणारी क्वचितच येते. मालक पहिल्यांदा काळजीने विचारायचा, मग कंटाळून, मग चिडून. तिच्या घरी आजारपण आहे हे मान्य, पण दोनातल्या एका रविवारी तरी. असं तो म्हणायचा. आणि मी ड्रमचे स्क्रू आवळत बसायचो. मी त्याला सांगायला हवं होतं, की दोनातला तो एक रविवार माझ्या खिशात आहे. एका वाक्याचं काम होतं.

मत घ्यायचं ठरलं तेव्हा तू हजर नव्हतीस, त्यामुळे तुला ते नीट सांगतो. पद्धत आपली नेहमीचीच. मोठ्या ड्रमच्या पुढच्या कातड्याला जे भोक आहे, त्यातून गिटारच्या तारा छेडायची पिक आत टाकायची, पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. पंखा घ्यायचा का इथपासून आपण सगळं असंच ठरवलंय. गुप्त मतदान म्हणे. गुप्त कसलं, आपला धिप्पाड बासवाला, भिंत, बोटांनी वाजवतो, त्याच्याकडे पिक कधीच नसते, म्हणून तो खिशात सापडेल ते टाकायचा. पंख्याच्या वेळी त्याने पांढरी औषधाची गोळी टाकली होती आणि काळ्या टी-शर्टांच्या वेळी लिफ्टमधला काळा वायसर. रंग कळला म्हणजे झालं, असं त्याचं म्हणणं. ड्रम माझा, म्हणून उलटा करून मतं मोजायची कामगिरी माझी. त्या दिवशी प्रश्न होता, तिची वाट बघायची का. मी ड्रम उलटा केला, हलवला, आणि सांगितलं, दोन काळी, एक पांढरं. मालकाने आपलं काळं आहे हे तोंडानेच सांगून टाकलं होतं, तो लपवत नाही कधी. संध्याकाळी मी तुला फोन केला आणि तेच शब्द सांगितले. मागे आईच्या पलंगाचा खुळखुळ आवाज येत होता. मग तू म्हणालीस, "ती एक पांढरी तुझी. मला माहीत आहे."

आणि मी म्हणालो, हं.

मग तू म्हणालीस, "आणि त्या भिंतीला सांग, बटणं आता दुसरीकडून लावून घे."

तुझं दुकान निघालं तेव्हापासून भिंतीच्या शर्टांची बटणं तू लावत आलीस. लिफ्टच्या यंत्रात हात घालणाऱ्या माणसाची बाहीची बटणं टिकतच नाहीत. तो गुपचूप शर्ट घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा, एवढा मोठा माणूस, बनियनवर, आणि तू त्याला शिव्या देत देत बटण लावून द्यायचीस, लाल दोऱ्याने, फुलीचा टाका. पांढऱ्या शर्टाला लाल दोरा का, तर म्हणे माझं काम ओळखू आलं पाहिजे. त्याच्या सगळ्या शर्टांच्या मनगटांवर तुझ्या त्या लाल फुल्या होत्या. आम्ही त्याला चिडवायचो, हिशोबाच्या वहीत चुकीची उत्तरं असावीत तसा दिसतोस. मी त्याला तुझा निरोप सांगितला. का सांगितला ते विचारू नकोस, कदाचित निरोप पोचवला की आपण नुसते पोस्टमन ठरतो, असं वाटलं असेल. त्याने स्वतःच्या बाहीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं." दोन वर्षं तो बाह्या दुमडून फिरतोय.

आई गेली त्या सकाळचं एक तुला माहीत नाही. तिला खाली न्यायचं होतं, स्ट्रेचर जिन्यात वळत नव्हतं, आणि लिफ्ट आदल्या दिवसापासून बंद. मग लिफ्ट आपोआप सुरू झाली, तू म्हणालीस, देवानेच केलं. देवाने नाही. मी भिंतीला फोन केला होता. तो मागच्या जिन्याने गच्चीवर गेला आणि यंत्राच्या खोलीत उभा राहून त्याने हाताने चाक फिरवत लिफ्ट चौथ्या मजल्यावर आणली आणि तुम्हाला खाली सोडली. इंच इंच. म्हणून ती एवढी सावकाश उतरत होती. आई इस्पितळात पोचायच्या आधीच गेली, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही असं कुणी म्हणू शकेल. नंतर तो इस्पितळाच्या फाटकाबाहेर दोन तास उभा होता. तू बाहेर आलीस, त्याच्याकडे पाहिलंस, आणि त्याच्या अंगावरून निघून गेलीस. मी तुझ्या शेजारी होतो. तुझं कोपर माझ्या हातात होतं.

परवा अल्बम पूर्ण ऐकून झाल्यावर मालक आणि प्लास्टर निघून गेले. भिंत वायरी गुंडाळत होता. मी त्याला विचारलं, तू तिला का सांगितलं नाहीस. दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. त्याने वायर पूर्ण गुंडाळली, गाठ मारली, आणि म्हणाला, "ती आईचं सगळं बघत होती तेव्हा तिला एक भाऊ तरी हवा होता." एवढंच. मग म्हणाला, आता सांग, नाहीतर नको सांगू, पण तिचा श्वास ठेवायचा की नाही हे तिला न विचारता ठरवू नका.

ताई, पांढरं मत त्याचं होतं. दुसरं काळं माझं. तुझा आवाज, तालमी, अल्बम, मालकाची चिडचिड, यातल्या कशासाठीही मी ते टाकलं नाही. मी टाकलं, कारण तुला बँडच उरला नाही तर रविवार कुणाचा हा प्रश्नच उरणार नव्हता. तू मोकळी झालीस की आई पूर्ण तुझी, आणि मी दर आठवड्याला तो मेसेज पाठवण्यातून सुटलो असतो. सुटलोही. आई जाईपर्यंत सोळा महिने मी रविवारी तीनला ड्रम वाजवले, नव्या माणसाच्या समोर बसून, आणि त्याच्या प्रत्येक ओळीआधी पळत सुटलो. याची नोंद घेतली आहे आणि योग्य ती कार्यवाही करण्यात येईल, असं काहीतरी लिहायची मला सवय आहे. मला काही कार्यवाही सुचत नाही. तू रागावशील, मग बोलणं बंद करशील, ते सगळं बरोबर असेल. पण श्वासाचं काय ते मात्र सोमवारच्या आत कळव. मला कळवू नकोस. भिंतीला कळव. त्याचा नंबर तोच आहे, आणि तो फोन उचलायच्या आधी नेहमीसारखा खाकरतो, तेव्हा ठेवून देऊ नकोस. आज सकाळी फ्लास्क मी दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो एका हाताने उघडला. आतली रबराची रिंग फुगली होती, नवी बसवून घेतली, आणि चहाचा वास जाईपर्यंत तीनदा उकळत्या पाण्याने धुतला. या पत्राबरोबर तोही पाठवतोय. झाकणाच्या आत कागदात गुंडाळलेलं एक पांढरं बटण आहे. त्या दिवशी ड्रममधून दोन काळ्या पिकांबरोबर ते पडलं, आणि कुणी बघायच्या आत मी खिशात घातलं. त्याच्या भोकांत तुझा लाल दोरा अजून आहे.

तुझाच म्हणायचा हक्क तुझ्यावर सोपवून,
ठोक्या